नाणे मोडीत घालण्यापूर्वी



दर अंकात आपण बेणेप्रक्रिया, खोडव्याची जपणूक, पाचट, खतांच्या मात्रा यांविषयी बोलतो. या वेळचा विषय थोडा बांधाबाहेरचा आहे. पण शिवारफेरीत आणि गट कार्यालयात हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला की, एकेकाला तोंडी सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून सर्वांच्या हाती द्यावे असे वाटले. प्रश्न दोन आहेत. चलनातील नाणी भंगाराच्या भावाने विकली अगर वितळविली तर चालते काय? आणि शेतात खणताना जुनी नाणी सापडली तर ती परस्पर सोनाराकडे नेऊन मोडावीत काय?

दोन्ही प्रश्नांचे उत्तर 'नाही' असेच आहे. मात्र दोन्हींचे कायदे निराळे आहेत, शिक्षा निराळ्या आहेत आणि कारणेही निराळी आहेत. शिवाय काही जुनी नाणी अशीही आहेत की, ती वितळविण्यास कायद्याची कसलीही आडकाठी नाही. हा फरक माहीत नसल्यामुळे एकजण विनाकारण घाबरतो, तर दुसरा बिनधास्तपणे गुन्ह्यात पाय घालतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो. घरातल्या तरुण मुलांनाही हे वाचून दाखवावे, कारण अशा व्यवहारात पुढे तेच असतात.

प्रश्न कोठून निघाला

आमच्या एका वयस्क सभासदाने बांधावर बसल्या बसल्या विचारले, "साहेब, ते पाचाचं जाडं नाणं हाय नव्हं, त्याला भंगारवाला सात रुपये देतो म्हणतोय. नातू गावातनं गोळा करायलाय. काय भानगड तर न्हाई ना ह्यात?"

मी म्हटले, "तात्या, भंगारवाल्याने पाचाला सात दिले, तर तो स्वतः ते किती रुपयांना घालवीत असेल? आणि पाचाचे नाणे सातांना घेणारा माणूस ते दुकानात पाचाला देणार आहे काय?"

तात्यांच्या लगेच ध्यानात आले. पाचाची वस्तू सातांना घेणारा ती पाचाची म्हणून वापरीत नाही, हे उघड आहे. नाणे म्हणून त्याला ते नकोच असते. त्याला हवा असतो त्यातला धातू.

नाण्याचा 'उतारा'

ऊसवाल्याला उतारा समजावून सांगावा लागत नाही. काट्यावर उसाचे वजन होते, पण कारखान्याचे लक्ष त्यातून साखर किती निघणार इकडे असते. नाण्याचेही तसेच आहे. नाण्यावर छापलेली किंमत एक, आणि त्यातल्या धातूची बाजारातील किंमत दुसरी. छापील किंमत सरकार ठरविते आणि ती बदलत नाही. धातूचा भाव मात्र रोज खाली-वर होतो. धातूचा भाव छापील किमतीच्या वर चढला की, नाण्यावर भट्टीवाल्याची नजर जाते.

आता हिशेब पाहा. १९९२ पासून पुढे सुमारे दीड दशक पाच रुपयांचे जे जाड नाणे निघत होते, त्याचे वजन ९ ग्रॅम. धातू तांबे-निकेलचा मिश्र, म्हणजे शंभर भागांत ७५ भाग तांबे आणि २५ भाग निकेल. एका नाण्यात पावणेसात ग्रॅम तांबे आणि सव्वादोन ग्रॅम निकेल झाले. एका किलोत अशी १११ नाणी बसतात. त्यांची छापील किंमत ५५५ रुपये, आणि त्यांतून तांबे ७५० ग्रॅम व निकेल २५० ग्रॅम. तांब्याचा भाव किलोला ७४० रुपयांपुढे गेला, तर निकेल जमेला न धरताही नुसत्या तांब्याच्या वाट्यानेच छापील किंमत भरून निघते. मोटार रिवाइंडिंगला गेलेल्या प्रत्येकाला तांब्याचा भाव पाठ असतो, तेव्हा पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

२००७ च्या मे महिन्यात निकेलचा जागतिक भाव किलोला ५० डॉलरांच्या पुढे गेला होता. तांबे साडेसात डॉलरांच्या आसपास होते आणि डॉलर ४१ रुपयांच्या घरात होता. त्या भावाने पाचाच्या जाड नाण्यातील धातू साडेसहा रुपयांच्या वर जात होता. सरकारने २००७ मध्ये पाचाचे नाणे स्टेनलेस स्टीलचे काढले. पुढे २००९ पासून ते निकेल-ब्रासचे आणि ६ ग्रॅम वजनाचे झाले. दोन रुपयांचे अकरा कोनांचे तांबे-निकेलचे नाणे ६ ग्रॅमचे होते. तेही आधीच बंद करून स्टीलवर नेण्यात आले होते.

२०११ साली निघालेल्या एक रुपयाच्या नाण्याचा हिशेब अगदी उलटा आहे. हे नाणे ३.७९ ग्रॅमचे असून क्रोमियम घातलेल्या स्टीलचे आहे. निकेल त्यात नाही. एका किलोत २६४ नाणी, म्हणजे २६४ रुपये. अशा स्टीलच्या मोडीला किलोमागे २६४ रुपये कोण देणार? तेव्हा रुपयाची नाणी मोडीत घालणे हा कायद्याने गुन्हा आहेच, पण हिशेबानेही शुद्ध तोटा आहे.

जाड पाचाच्या नाण्यातही सगळा नफा हाती येतो असे समजू नका. तांबे-निकेलचा हा मिश्र धातू वितळवायला सुमारे १२०० अंश उष्णता लागते. गुऱ्हाळाच्या चुलवाणावर होणारे हे काम नव्हे. वितळविल्यावरही तांबे आणि निकेल आपोआप वेगळे होत नाहीत, त्याला रासायनिक कारखाना लागतो. म्हणून मधला दलाल कापतो, वाहतूकवाला कापतो, भट्टीवाला कापतो. गावातल्या गोळा करणाऱ्या पोराच्या हाती नाण्यामागे रुपया-दोन रुपये राहतात. आणि पकडला गेला, तर नाण्यांच्या पिशवीसह सापडतो तो गावातलाच पोरगा. आळ्यात अळी सापडावी तसा!

हे आजचे नाही

नाणी वितळविण्याचा धंदा जुना आहे आणि त्याला रोखण्याचे कायदेही जुनेच आहेत. व्हिक्टोरिया राणीचा आणि त्यापुढचा बंदा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा असे. त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी होती. पहिल्या महायुद्धात चांदी भडकली आणि रुपयातील चांदी रुपयापेक्षा महाग होऊ लागली. तेव्हा १९१७ च्या जूनमध्ये सरकारने सोन्या-चांदीची नाणी चलनाखेरीज दुसऱ्या कामी वापरण्यास बंदी घातली. तरी रुपये कमी पडू लागले. शेवटी अमेरिकेने १९१८ साली पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यातील चांदी काढली. २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी आली, तेव्हा टांकसाळीचे काम सावरले.

दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तोच प्रकार. १९४० च्या जूनमध्ये युरोपातील बातम्यांनी लोक घाबरले आणि नोटा देऊन चांदीचे रुपये साठवू लागले. २५ जून १९४० रोजी सरकारने हुकूम काढला की, स्वतःच्या अगर धंद्याच्या गरजेपेक्षा जास्त नाणी मिळविणे हा गुन्हा समजला जाईल. 'गरजेपेक्षा जास्त' हे शब्द ध्यानात ठेवा, आजच्या कायद्यातही ते पुढे येणार आहेत. त्याच वर्षी एक रुपयाची नोट काढण्यात आली आणि रुपयातील चांदी निम्म्यावर आणली. व्हिक्टोरियाचे रुपये तर ३१ मार्च १९४१ नंतर चलनातून बाद ठरले. तांब्याची टंचाई एवढी झाली की, १९४३ साली मधोमध भोक असलेला पैसा काढावा लागला. हा भोकाचा पैसा आपल्यापैकी अनेकांच्या घरी अजून एखाद्या डब्यात असेल.

स्वातंत्र्यानंतर १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली. नवा पैसा आधी ब्राँझचा होता. साठीच्या दशकात एक, दोन, तीन, पाच पैशांची नाणी ॲल्युमिनियमची झाली. एक पैशाचे नाणे फक्त पाऊण ग्रॅमचे. एका किलोत १३३३ नाणी, म्हणजे छापील किंमत सव्वातेरा रुपयांच्या आसपास. ॲल्युमिनियमचा भाव त्याच्या पुढे गेल्यावर ही नाणी बाजारात टिकणार कशी? १९७१ साली छोट्या नाण्यांच्या गुन्ह्यांबाबत खास कायदा करून ती वितळविणे आणि वितळविण्यासाठी साठविणे याला बंदी घालण्यात आली. सुट्ट्या पैशांऐवजी हातावर चॉकलेट टेकविण्याचे दिवस ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना नाणी कमी पडली की गरिबाचे काय होते हे सांगायला नको.

अलीकडची गोष्ट २००७ ची. पश्चिम बंगाल आणि आसामकडे नाण्यांची मोठी टंचाई झाली. एक रुपयाची स्टीलची नाणी चोरट्या मार्गाने बांगलादेशात जातात आणि तेथे त्यांची दाढीची पाती होतात, असे त्या वेळी पोलिसांच्या हवाल्याने वर्तमानपत्रांतून आले. एका रुपयाच्या नाण्यातून पाच-सात पाती निघत. आसामातल्या चहाच्या मळ्यांत सुट्ट्या नाण्यांऐवजी पुठ्ठ्याचे तुकडे चालवावे लागल्याचेही छापून आले होते. आपल्या ऊसतोड मजुराला आठवडे बाजारात पुठ्ठा दाखवून मीठ-मिरची घ्यावी लागली तर कसे वाटेल, याचा विचार करा.

आणि हे आपल्याच देशात घडते असे नाही. १९८२ पूर्वीच्या अमेरिकेच्या एक सेंटच्या नाण्यात ९५ टक्के तांबे होते. तांबे महागल्यावर तेथील टांकसाळीने डिसेंबर २००६ मध्ये एक आणि पाच सेंटची नाणी वितळविण्यास आणि मोठ्या प्रमाणावर देशाबाहेर नेण्यास बंदी घातली. मोडणाऱ्यास पाच वर्षेपर्यंत कैद आणि दहा हजार डॉलरपर्यंत दंड. ब्रिटनमध्येही १९७१ च्या नाणे कायद्यानुसार सरकारी परवान्यावाचून चलनातील नाणे वितळविता येत नाही.

आजचा कायदा काय म्हणतो

आपल्याकडे सध्या 'नाणे अधिनियम, २०११' लागू आहे. १९०६ चा नाणे कायदा, १९७१ चा छोट्या नाण्यांचा कायदा आणि आणखी काही जुने कायदे रद्द करून हा एकच कायदा करण्यात आला. २८ मार्च २०१२ पासून तो अमलात आला. यातील कलम १२ आणि १३ आपल्या विषयाची आहेत. सोप्या भाषेत त्यांचा अर्थ असा :

१. चलनातील नाणे कोणीही वितळवू नये अगर नष्ट करू नये.

२. वितळविलेले नाणे, मग ते रसरशीत असो की गार झालेला गोळा असो, कोणी जवळ बाळगू नये. तोडलेली, चेचलेली नाणीही बाळगू नयेत.

३. छापील किमतीपेक्षा वेगळ्या किमतीला विकण्यासाठी, वितळविण्यासाठी किंवा देवघेवीखेरीज अन्य मार्गाने विल्हेवाट लावण्यासाठी, स्वतःच्या वाजवी गरजेपेक्षा बरीच जास्त नाणी जवळ ठेवू नयेत.

४. नाण्यात ज्या प्रमाणात धातू मिसळलेले असतात, नेमक्या त्याच प्रमाणाचा धातू कोणाजवळ सापडला, तर त्याने हा कायदा मोडला आहे असे धरले जाईल. तसे नाही हे त्याला सिद्ध करावे लागेल.

५. या कलमाचा भंग करणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आणि शिवाय दंड.

यातील तिसरा आणि चौथा मुद्दा पुन्हा वाचा. तात्यांच्या नातवाला वाटत होते की, आपण कुठे वितळवतोय, आपण तर नुसती गोळा करून विकतोय. पण पाचाचे नाणे सातांना विकण्यासाठी गोळा करणे हेच मुळी तिसऱ्या मुद्द्यात बसते. भट्टी त्याची नसली तरी पिशवी त्याची आहे. चौथ्या मुद्द्याचा धोका लेथवाल्यांना, ओतारी काम करणाऱ्यांना आणि मोड घेणाऱ्यांना आहे. कोणी तांबे-निकेलचा गोळा स्वस्तात आणून दिला आणि त्याचे प्रमाण ७५ ला २५ निघाले, तर 'मला माहीत नव्हते' एवढ्यावर सुटका होणार नाही.

यावर कोणी म्हणेल, मग पिठाच्या गिरणीवाल्याने काय करावे? त्याच्याकडे तर डबा भरून नाणी असतात. देवस्थानच्या दानपेटीत पोती निघतात. त्यांनी मुळीच भिण्याचे कारण नाही. वाजवी गरज कशी ठरवावी हेही कायद्यातच सांगितले आहे. त्या माणसाला रोज किती नाणी लागतात, त्याचा धंदा कोणता, नाणी कशी मिळाली, कोठे व कशी ठेवली आहेत, हे सर्व पाहावयाचे असते. गिरणीवाला, चहावाला, दूध संकलनवाला, देवस्थानचे पंच यांच्याकडे नाणी असणे स्वाभाविक आहे. पण ज्याचा सुट्ट्या पैशांचा कसलाही धंदा नाही, त्याच्या गोठ्यात फक्त पाचाच्या जाड नाण्यांची दोन पोती सापडली, तर त्याला उत्तर देणे जड जाईल.

'नाणे माझ्या पैशाचे, मग मी त्याचे काहीही करीन' असे काहीजण म्हणतात. कारखान्याच्या सभासदाला तरी हे पटू नये. शेअर आपल्या नावावर असतो, म्हणून कोणी कारखान्याच्या मिलचा एक नट काढून घरी नेत नाही. नाण्याचेही तसेच आहे. आपल्या मालकीची असते ती त्याची किंमत. नाणे हे सर्वांच्या देवघेवीचे साधन आहे, आणि ते पाडायला सर्वांच्या कराचा पैसा लागतो. २०१८ साली माहितीच्या अधिकारात टांकसाळीने दिलेल्या उत्तरात एक रुपयाचे नाणे पाडण्याचा खर्चच १ रुपया ११ पैसे असल्याचे म्हटले होते. म्हणजे एक नाणे भट्टीत गेले की त्याच्या जागी दुसरे पाडण्याचा भुर्दंड पुन्हा आपल्यावरच. बेण्याचा ऊस गुऱ्हाळाला घातला तर पुढच्या लागणीला विकतचे बेणे आणावे लागते, त्यातला हा प्रकार आहे.

कोणती नाणी वितळविता येतात

आता दुसरी बाजू. वरील कायद्यात 'नाणे' म्हणजे सरकारने पाडलेले आणि चलन म्हणून कायदेशीर असलेले नाणे. सरकारने काढलेली स्मारक नाणीही त्यात येतात. परंतु जे चलनातून बाद झाले, त्याला हे कलम लागत नाही. त्यानुसार पुढील यादी ध्यानात ठेवावी :

पंचवीस पैसे आणि त्याखालची सर्व नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली आहेत. घरात डब्यात पडलेले ॲल्युमिनियमचे पैसे मोडीत घातले तर या कायद्याचा गुन्हा होत नाही. (नातवंडांना दाखविण्यापुरते चार ठेवा, एवढेच सांगणे.)

पन्नास पैसे मात्र अजून चलनात आहेत. दुकानदार घेत नाही म्हणून ते बाद झाले असे होत नाही. ते वितळविता येणार नाहीत.

व्हिक्टोरिया, एडवर्ड, जॉर्ज यांचे चांदीचे रुपये कधीच चलनातून गेले आहेत. आजीच्या पुतळी-माळेसारखेच ते घरचे डाग आहेत. मोडायचे की ठेवायचे हे घरच्यांनी ठरवावे. मात्र मोडण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवावे. काही सालांच्या रुपयाला संग्राहक चांदीपेक्षा कितीतरी जास्त देतात. सोनार फक्त वजन पाहतो.

दिवाळीला सराफाकडून अगर बँकेतून घेतलेली लक्ष्मीची चांदीची वा सोन्याची 'नाणी' ही मुळात नाणीच नव्हेत. ते धातूचे तुकडे आहेत. त्यांना हा कायदा लागत नाही.

शेतात हंडा लागला तर

आपला दुसरा प्रश्न यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्या भागात विहीर खणताना, सपाटीकरणाला यंत्र लावले असता, पाइपलाइनची चारी काढताना जुनी नाणी निघतात. कधी एखाद-दुसरी शिवराई, कधी गाडग्यात भरलेली चांदी. शिवाजी महाराजांनी १६७४ मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली. ती शिवराई पुढे पेशवाईत आणि इंग्रजी अमदानीतही बरीच वर्षे चालत होती. म्हणून ती आपल्या मातीत जागोजागी सापडते.

असे काही हाती लागले की पहिला विचार येतो सोनाराचा. कोणाला कळायच्या आत वितळवून टाका, म्हणजे खूण राहणार नाही! नेमके हेच करावयाचे नाही. यासाठी १८७८ चा 'भारतीय निखात निधी अधिनियम' आहे. निखात निधी म्हणजे जमिनीत दडलेली मौल्यवान वस्तू. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे असे काहीही सापडले, तर सापडणाऱ्याने शक्य तितक्या लवकर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावयाचे असते. काय सापडले, अंदाजे किती, कोठे, कोणत्या तारखेस, एवढे त्यात लिहावे. वस्तू जवळच्या सरकारी कोषागारात जमा करावी किंवा मागतील तेव्हा हजर करण्याची हमी द्यावी.

यानंतर जिल्हाधिकारी जाहीर सूचना काढतात. चार ते सहा महिन्यांच्या दरम्यानची तारीख देऊन हक्क सांगणाऱ्यांची चौकशी होते. कोणी मालक ठरला नाही तर तो निधी बेवारस ठरतो. मग सापडणारा आणि जमीनमालक यांच्यात आधीचा करार नसेल, तर तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला आणि एक चतुर्थांश जमीनमालकाला. जमिनीचा मालक म्हणून दुसरे कोणी पुढे आले नाही, तर सर्वच सापडणाऱ्याला. सरकारला त्या वस्तू संग्रहासाठी ठेवून घ्यावयाच्या असतील, तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा देऊन त्या घेता येतात. म्हणजे १०० रुपयांची चांदी असेल तर १२० रुपये. 'सरकारला कळवले की सगळे गेले' हा आपल्याकडचा समज खरा नाही.

उलट जो कळविणार नाही, अगर ओळख लपविण्यासाठी वस्तूचे रूप पालटील, त्याचा हिस्सा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड अगर दोन्ही शिक्षा होऊ शकतात. रूप पालटणे म्हणजे वितळविणेच. यात साथ देणाऱ्या जमीनमालकालाही शिक्षा आहे. शंभर वर्षांवरील नाणी १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालीही येतात. ती खाजगीरीत्या देशाबाहेर पाठविण्यास मनाई आहे.

यंत्रावर ड्रायव्हर एकाचा आणि शेत दुसऱ्याचे, असे असताना हंडा लागला की भांडण ठरलेले. पहिल्याच दिवशी पोलीस पाटलांना आणि तलाठ्यांना बोलावून साक्षीने पंचनामा करावा. लपवाछपवी केली की दोघांपैकी एकजण केव्हातरी बोलतोच. हंड्याची गोष्ट गावात लपत नाही.

यात कायद्यापलीकडेही एक नुकसान आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी येथे चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी होती. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, परंतु त्यांतील नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला शिक्का पुन्हा मारलेला होता. रेव्हरंड स्कॉट यांनी ती अभ्यासून १९०८ मध्ये त्यावर लिहिले. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव करून त्याचेच चलन आपल्या नावाने फिरविले, याचा असा ढळढळीत पुरावा दुसरीकडे नव्हता. तो साठा सोनाराच्या मुशीत गेला असता तर काही किलो चांदी हाती आली असती, आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कायमचे कोरे राहिले असते.

नाणी साठली तर काय करावे

शेवटी थोडे कामाचे.

घरात, गिरणीत, देवस्थानात नाणी साठली असतील तर बँकेत भरावीत. शंभर-शंभर नाण्यांच्या पिशव्या करून दिल्या तर मोजणीला त्रास होत नाही. रिझर्व्ह बँकेने बँकांना नाणी स्वीकारण्याच्या सूचना दिलेल्या आहेत. कोणी नकार दिला तर शाखाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी.

एका व्यवहारात एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंत कायदेशीर चलन आहेत, पन्नास पैशांची नाणी दहा रुपयांपर्यंत. त्यापेक्षा जास्त नाणी घ्यायला दुकानदाराला भाग पाडता येत नाही. तेव्हा पाच हजारांचे खत आणताना पोते भरून नाणी नेऊन वाद घालू नये.

दहा रुपयांच्या नाण्याबाबत अफवा अधूनमधून उठतात. रुपयाची खूण असलेले आणि नसलेले, दोन्ही खरे आहेत. १७ जानेवारी २०१८ रोजी रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याचे १४ नमुने चलनात असून सर्व ग्राह्य असल्याचे जाहीर केले होते. अफवा उठविणारा बहुधा दहाचे नाणे आठाला घेणाराच असतो.

भंगारवाला नाण्याला छापील किमतीहून जास्त भाव देऊ लागला तर नाणी देऊ नयेत, आणि गावच्या पोलीस पाटलांना कळवावे. जो आज नाण्याचे तांबे घेतो, तो उद्या विहिरीवरच्या मोटारीचे आणि डीपीतील कॉईलचे तांबेही विचारल्यावाचून घेतो. डीपी उघडी पडून ऐन उन्हाळ्यात लागणीचे पाणी थांबले म्हणजे काय हाल होतात, हे आपल्याला सांगायला नको. मोड घेणाऱ्याकडून नाव-पत्ता आणि पावती घेण्याची सवय प्रत्येक घरात लागली, तर चोरीचा माल आपल्या भागात खपणार नाही.

तात्यांच्या नातवाने गोळा केलेली नाणी मी सांगितल्यावर बँकेत भरली. पाचाचे पाचच मिळाले, पण रात्री झोप शांत लागते, असे तात्यांनी सांगितले. एवढ्या स्वस्तात शांत झोप दुसरीकडे मिळणार नाही, बंधूंनो.

शेतात काही सापडले, अगर नाण्यांच्या व्यवहाराबाबत शंका असेल, तर आपल्या गट कार्यालयात यावे. अर्ज कसा लिहावा ते आमचे मदतनीस सांगतील. पुढील अंकात नेहमीप्रमाणे खोडव्याकडे वळू : पाचट न जाळता सरीत ठेवून खत कसे द्यावे, याविषयी.

— ऊस विकास अधिकारी